लोटनभाऊंचं लायसन

धुळे,
१६ मार्च १९९७

उज्ज्वलाच्या बाबांना,

नमस्कार लिहावा की नाही, याच विचारात काल संध्याकाळ गेली. आज तो न लिहिताच सुरुवात करते.

तुम्ही असोद्याला बहिणीच्या घरी, अक्कांकडे आहात, हे मला सुभाषचंद शेठकडून कळलं. नवरा कुठे आहे हे बायकोला त्याच्या मालकाने सांगावं, याचं वाईट वाटलं. पण तक्रार करायची माझी जागा राहिलेली नाही. शेठ म्हणाले, "बाई, इतकी वर्षं लोटनभाऊंनी माझी मिनीबस चालवली, गाडीला कधी ओरखडा नाही. वऱ्हाडवाले अजून विचारतात, लोटनभाऊ येणार असतील तरच गाडी द्या. मी त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, आजारी आहेत म्हणून सांगा. तर म्हणाले, "ते तर तुम्ही सांगूनच टाकलंय."

मी एकाच ठिकाणी सांगितलं. पण ते नको तिथे होतं, हे मला कळतं.

माझं रक्त तपासायचं होतं, म्हणून मी तुमच्याबरोबर दवाखान्यात आले होते. मनात दुसरं काही नव्हतं. हे मी डायरीत लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, कारण आदली रात्र मी जागून काढली होती. डॉक्टरांनी तुमचे डोळे तपासले, लांबची अक्षरं वाचायला लावली. लायसन नवं करायचा दाखला तुम्ही दर तीन वर्षांनी आणता, त्यात नवं काही नव्हतं. त्यांनी पेन उघडलं आणि सहज विचारलं, "आणखी काही त्रास?"

तुम्ही म्हणालात, "काही नाही साहेब. ठणठणीत."

आणि मी बोलले. "डॉक्टर, झोपेत यांचा श्वास थांबतो. आणि दिवसा गाडीवर बसल्या बसल्या डोळा लागतो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. लग्न झाल्यापासून मी चारचौघांत तुमचा शब्द खोडला नव्हता. डॉक्टरांनी पेन बंद केलं आणि म्हणाले, छातीच्या डॉक्टरांना दाखवून या, त्याशिवाय मी सही करू शकत नाही. तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरलात ते थेट एसटी स्टँडवर गेलात. घरी आलाच नाहीत.

मी का बोलले? नरडाण्याचं फाटक तुम्हाला आठवतं का? लग्नाहून परत येत होतो. रेल्वे गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या आणि तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होतात. डोळे उघडे आहेत असंच मला वाटलं. हिलाल क्लीनरने दंडाला हात लावला तेव्हा दचकलात. सगळं वऱ्हाड हसलं. "लोटनभाऊले बट्टी चढनी!" तुम्हीही हसलात, म्हणालात, तुपातली वरण-बट्टी खाऊन कोण जागा राहील? मीही हसले. खरं लिहायचं तर मी सगळ्यांत मोठ्याने हसले.

फाटक बंद होतं म्हणून गाडी उभी होती. घरी येईपर्यंत माझ्या मनात तेवढंच फिरत राहिलं.

डायरीत मी लिहिलं होतं, "मी प्रवाशांसाठी बोलले." दुसऱ्या दिवशी ते खोडलं. प्रवाशांची काळजी होती तर तुम्हाला घरीच सांगायचं होतं, डॉक्टरांसमोर कशाला? घरी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं, हे खरं. पण आपलं ऐकलं जात नाही याचा मला आतून राग होता का, हे मला ठरवता येत नाही.

मी बी.ए. झाले ती तुमच्या याच लायसनवर. कॉलेजची फी, बी.एड.चं वर्ष, सगळं. हे मी विसरले असं समजू नका.

उज्ज्वलाची बारावीची परीक्षा चालू आहे.

प्रमिला

०

धुळे,
९ एप्रिल

उज्ज्वलाच्या बाबांना,

रविवारी मी असोद्याला आले होते. तुम्ही अंगणात होतात. मला पाहिलंत आणि केळीच्या मळ्याकडे चालायला लागलात. मी हाक मारली नाही. अक्कांनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. म्हणाल्या, "दोन बुकं शिकनी आनि नवराले घरमा बसाडं." मी पाणी प्यायले आणि उठले.

पण ओट्यावर जीवराम आबा भेटले आणि त्यांच्याकडून जे कळलं ते ऐकून मी तिथेच बसले. त्यांच्या मुलाचं लग्न आखाजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, मुलीकडचे साक्रीच्या पलीकडचे. वऱ्हाडासाठी त्यांनी पुतण्याचा टेम्पो ठरवलाय आणि तो तुम्ही चालवणार.

मी म्हटलं, "आबा, यांच्या लायसनची मुदत संपली आहे."

आबा म्हणाले, "लायसन गाडी चालवतं का, सूनबाई? हात चालवतात."

तिथे बसलेले सगळे हसले. आबांचा राग येत नाही. तुम्ही त्यांच्या घरची तीन लग्नं पोचवली आहेत, त्यांना तुमच्या हातांची खात्री आहे. मलाही हातांची खात्री आहे. पण कोंडाईबारीचा घाट, भर दुपारची वेळ, वर लग्नाचं जेवण, आणि मागे बायका-पोरं दाटीवाटीने बसलेली. मी डोळे मिटले की तोच टेम्पो दिसतो.

जळगावला उतरून मी छातीच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. ते मुंबईला शिकून आलेले आहेत. पेशंट कुठे आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पेशंट येत नाही, मी सांगते. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, यात बहुतेक वेळा घरचंच माणूस सांगतं, कारण झोपलेल्याला आपलं काय होतं ते कळतच नाही. झोपेत तुमचा घसा आतून मिटतो. हवा जात नाही, जीव घाबरा होतो, शरीर दचकून जागं होतं, श्वास घेतं, परत झोपतं. रात्रभर हेच. सकाळी तुम्हाला वाटतं आठ तास झोप झाली, आणि प्रत्यक्षात झालेलीच नसते. मग दिवसा ती वसूल होते, बसल्या जागी, गाडीवर. बट्टीचा दोष नाही.

याला उपचार आहे. मुंबईला एक रात्र झोपवून तपासतात. एक यंत्र असतं, नाकावर मुखवटा लावून झोपायचं, ते हवेचा जोर देतं आणि घसा मिटू देत नाही. मी विचारलं, आणि लायसन? ते म्हणाले, "उपचार घेतला, दिवसाची झोप थांबली, तर मी स्वतः लिहून देईन. न घेता चालवत असतील तर मी काय लिहिणार?"

म्हणजे मी तुमचं लायसन कायमचं घालवलेलं नाही. ते परत मिळण्याचा रस्ता आहे. पण तुम्ही आखाजीला टेम्पोवर बसलात तर तो रस्ता संपला, आणि कदाचित सगळंच संपलं.

पाया पडते. त्या टेम्पोवर बसू नका. बसणार असाल तर मी आदल्या दिवशी येऊन टेम्पोपुढे बसेन. लोक हसतील, हसू देत. मास्तरीण वेडी झाली म्हणतील.

हे वाचून बघितलं तर धमकी वाटते. धमकीच आहे. पण त्याखेरीज माझ्याजवळ दुसरं काही नाही.

प्रमिला

०

धुळे,
१९ एप्रिल

कमलअक्कांना प्रमिलाचा नमस्कार.

अक्का, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तुमचे भाऊच तुम्हाला वाचून दाखवतील. मला दुसरा मार्ग दिसला नाही. माझी दोन पत्रं त्यांना गेली, उत्तर नाही. तुमच्या नावाचं पत्र मात्र ते वाचतील, आणि गाळून वाचणार नाहीत, हे मला माहीत आहे. लग्नात पाहुण्यांनी दिलेला नारळसुद्धा ते मालकाला दाखवून घरी आणत. असा माणूस बहिणीचं पत्र खोटं वाचणार नाही.

अक्का, तुम्ही मला म्हणालात ते मनावर घेतलेलं नाही. तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तुमच्या भावाची भाकरी मी एका वाक्यात काढून घेतली. पण मी खोटं बोलले की खरं, एवढं तुम्ही स्वतः तपासा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.

उन्हाळा आहे, तुम्ही सगळे घराच्या धाब्यावर, उघड्या आभाळाखाली झोपत असाल. ते झोपले की तुमची बाज जवळ ओढून घ्या. घोरण्याकडे लक्ष देऊ नका. आमच्या गल्लीत त्या घोरण्याला ट्रॅक्टर म्हणतात, पोरं म्हणतात, "काकू, काकांचा ट्रॅक्टर सुरू झाला." तुम्ही घोरणं थांबेल त्याची वाट बघा. ते अचानक थांबेल. तुम्हाला वाटेल, बरं झालं, शांत झोप लागली. तेव्हा उठा आणि छातीकडे बघा.

मी त्या वेळी मनात पाढे म्हणते. शाळेत मुलांकडून घेते तेच. कधी नऊचा पाढा पूर्ण व्हायच्या आत श्वास येतो. कधी पाढा संपतो, मी दुसरा सुरू करते, आणि मग माझ्याने राहवत नाही, मी त्यांना हलवते. ते म्हणतात, "काय वो, झोपू दे ना." सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही. म्हणून ते मला खोटी समजतात. त्यांची चूक नाही. झोपेत माणूस आपल्या उशाशी थोडाच बसलेला असतो?

आता आणखी एक लिहिते, ते त्यांना मोठ्याने वाचायला जड जाईल, तरी त्यांनी वाचावं. गेल्या दिवाळीत ते जेवता जेवता झोपले. हातात घास होता. उज्ज्वलाने घास काढून ताटात ठेवला आणि आत जाऊन रडली. तिने मला सांगितलं, "आई, मला वाटलं बाबा गेले."

अक्का, तुम्ही त्यांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय. तुमचं ते ऐकतील. जीवराम आबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आखाजी जवळ आली.

पत्र संपलं. वाचणाऱ्यालाही नमस्कार.

प्रमिला

०

आसोदं,
२७ एप्रिल

प्रमिलाले कमलबाईना आशीर्वाद.

हाई पत्र मी सांगस नि तुना नवरा लिखस. त्याले सांगी ठेयेल शे, एक शब्द इकडना तिकडे करशी ते मी दुसराकडथीन वाचाडी लिसू.

तुनं पत्र त्यानी बठ्ठं वाचं. मधमा थांबना, पानी पिना, मंग परत वाचं. घासनी गोट त्यानी दोनदा वाची. माले आधी तुना रागच उना. म्हटलं, हाई बाई नवरानं घोरनं बी मोजस!

मंग मी ऐकं. आम्ही बठ्ठा धाबावर झोपतस. माले वाटे, घोरस तो मानूस सुखी शे. आमना बाप बी घोरे. पन हाऊ घोरता घोरता एकदम गपचूप. मी उठी बसनू. तोंड उघडं, छाती वरखाले व्हई राहिनी, नि वारा काही मझार जात नई. मासोयी पानीबाहेर काढी का कशी करस, तसं. मी खांदा धरीसन हालाडा. त्यानी मोठा श्वास लिधा नि माले म्हने, "काय वो अक्का, झोपू दे ना." सकायले इचारं ते काहीच याद नई.

दुसरी रातले बी तसंच. तिसरी रातले मी झोपनूच नई.

इतला वरीस तू असंच करं का वो? मंग तू झोपनी कव्हय?

लिख रे, मनाकडे काय देखस. लिख.

जीवराम आबाले मी सांगी दिधं, मना भाऊ गाडी चालावाव नई. आबा म्हने, लोटननी शब्द देल शे. मी म्हटलं, जागा व्हता तव्हय दिधा, झोपेल मानूसना शब्द कोन धरस? आबा रागमा निंघी गया. आते दुसरा ड्रायव्हर देखी राहिनात. गावमा लोके हासतस.

आखाजीले पोरी माहेरले येतस. आठे उलटंच व्हयनं, हाऊ बाप्या बहीनना घर यीसन बसना! लई जाय त्याले. मुंबईले लई जाय, नई ते कोठे बी लई जाय.

कमलबाई

ता.क. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने धुळ्याला येतो. तू घ्यायला येऊ नको. — लोटन

०

धुळे,
६ जुलै

उज्ज्वलाच्या बाबांना,

तुम्ही परत असोद्याला गेलात. या वेळी का गेलात ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. उत्तर देते.

हो, ते मशीन मेलेल्या माणसाचं आहे.

मी लपवलं. डॉक्टरांनी जळगावच्या झमकूबाईंचं घर सांगितलं. त्यांच्या मुलाने वडिलांसाठी परदेशातून मशीन आणलं होतं, ते गेल्या वर्षी वारले. नवं मशीन आपल्या आवाक्यातलं नव्हतं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी ते कपाटातून काढून पदराने पुसलं. मी म्हटलं, आमच्या घरी हे सांगता यायचं नाही, मरणाची वस्तू म्हणतील. त्या म्हणाल्या, "हवाच तर आहे, बाई. हवेला कसलं सुतक?" त्यांचे मालक काविळीने गेले. मशीन लावायला लागल्यावर ते पुन्हा दुकानात बसायला लागले होते, दुपारी गल्ल्यावर झोपायचं थांबलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मुखवटा मी नवा घेतला. तो कोणाच्याही तोंडाला लागलेला नाही.

मला वाटलं, तुम्ही आधी वापरून बघाल, बरं वाटेल, मग सांगू. उज्ज्वला बोलून गेली. तिला रागावू नका. जाताना तुम्ही म्हणालात, "डॉक्टरसमोर तुला सगळं खरं आठवलं. मला सांगताना विसरलीस?"

त्या दिवसापासून मी हे वाक्य घेऊन शाळेत जाते आणि घेऊन परत येते. माझा खरेपणा फक्त तुमच्याविरुद्धच का चालतो? मी रोज स्वतःला तपासते आणि रोज नापास होते.

पण हे मशीनचं पाप नाही. मुंबईच्या दवाखान्यातली सकाळ आठवा. पहिल्या रात्री त्यांनी नुसतं तपासलं, मग कागदाची ती लांब पट्टी तुमच्यापुढे उलगडली: इथे श्वास आहे, इथे नाही, इथे परत नाही. तुम्ही त्यावर बोट फिरवत राहिलात आणि म्हणालात, "एवढ्या वेळा?" दुसऱ्या रात्री मशीन लावलं. सकाळी तुम्ही खिडकीशी उभे होतात. मला म्हणालात, "डोकं हलकं लागतंय. लहानपणी सकाळी उठल्यावर असं वाटायचं." हे तुम्ही म्हणालात. मी बनवलेलं नाही.

मुखवट्याला तुम्ही मुसकं म्हणता. खळ्यातल्या बैलाला बांधतात तसं. तुम्हाला लाज वाटते, हे मी समजू शकते. धाब्यावर लोकांदेखत ते तोंडाला लावायचं, पोरांनी बघायचं. पण बैलाला मुसकं बांधतात ते त्याने दाणे खाऊ नयेत म्हणून. तुम्हाला ते श्वास मिळावा म्हणून आहे.

मशीन हिलालबरोबर पाठवते आहे. गोधडीत गुंडाळलं आहे, एसटीत मांडीवर ठेवून नेईन म्हणाला. नको असेल तर त्याच्याचबरोबर परत पाठवा. विहिरीत टाकू नका, ते झमकूबाईंनी विश्वासाने दिलंय.

काल घरी मी लवकर आडवी झाले. शेजारी कोणी घोरत नव्हतं. तरी मी ऐकत राहिले. तुम्ही तिकडे कसे झोपला असाल, पाढा कुठवर गेला असेल. अक्का म्हातारं माणूस, त्यांनी किती रात्री जागायचं?

तुम्ही गाडी चालवू नका असं मी आता म्हणत नाही. तुम्ही जगा, एवढंच म्हणते. लायसनचं मग बघू.

प्रमिला

०

धुळे,
१७ ऑगस्ट

उज्ज्वलाच्या बाबांना,

तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण तुमच्या स्वतःच्या. मशीन लावता, हे वाचून मी कार्ड देवापुढे ठेवलं आणि लगेच उचललं, कारण तिसऱ्या ओळीत होतं, "लाइट गेली की ते गप होतं, मग मुखवट्यात कोंडल्यासारखं होतं, काढून टाकतो." असोद्याला लाइट किती जाते ते मी काय सांगायचं.

रोज दुपारी केळीच्या गाड्या भरायला जाता आणि उभ्या उभ्या पेंग येत नाही, हे अक्कांनी शेजारच्या पोरीकडून लिहवून कळवलं. तुम्ही लिहिलं नाहीत. लिहायला हवं होतं.

सरकारी दवाखान्यात बावीस सप्टेंबरला बोलावलं आहे. जळगावच्या डॉक्टरांचं पत्र चांगलं आहे. पण इथल्या डॉक्टरांनी मला निरोप दिलाय, "पेशंटला मी विचारणार नाही. घरच्यांना विचारीन. बाईंना घेऊन या."

हे वाचून तुम्ही काय म्हणाल, मला ऐकू येतं. परत तीच खोली, परत मी, परत माझं तोंड.

तुम्हाला मी नको असेन तर अक्कांना आणा. खरं तर त्यांनाच आणायला हवं. तुमच्या रात्री त्यांनी बघितल्या आहेत, मी नाही. तुम्ही ठरवा. मी दवाखान्याच्या दाराशी उभी राहीन. आत बोलावलंत तर येईन.

सुभाषचंद शेठ म्हणाले, दिवाळीनंतरच्या लग्नसराईपर्यंत वाट बघतो, पुढे नाही. हे लिहू नये असं वाटलं, पण लपवायचं नाही ठरवलंय.

प्रमिला

०

धुळे,
२४ सप्टेंबर

उज्ज्वलाच्या बाबांना,

परवा तुम्ही मला आत नेलंत. दाराशी उभी होते, तुम्ही मागे वळून म्हणालात, "चल." एवढंच. मी त्याचा काय अर्थ लावला असेल याचा विचार तुम्ही केला नसेल.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर तुम्ही हसून म्हणालात, "तुले खोटं बोलता येत नई. तुनं तोंड देखीसन डाक्टरले बठ्ठं समजी जातं. म्हनीसन मीच सांगी टाकं." आणि मग मला उसाचा रस पाजलात. बऱ्याच दिवसांनी आपण शेजारी बसून काही प्यालो. मी तिथेच सांगायला हवं होतं. रसाचा ग्लास हातात होता आणि मला तो दिवस मोडायचा नव्हता. म्हणून आता सांगते.

तुमची समजूत चुकीची आहे. मी खोटं बोलणार होते.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. माझ्याकडे बघून विचारलं, "मशीन रोज लावतात? सगळी रात्र?" आणि मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर "हो" तयार होता. नुसता हो नाही, त्यापुढचंही. "हो डॉक्टर, रोज. मी स्वतः बघते." हे वाक्य मी आदल्या रात्री पाठ केलं होतं, परीक्षेच्या उत्तरासारखं. मी कुठे बघते? तुम्ही असोद्याला, मी धुळ्याला. मला तुमच्या एकाही रात्रीची माहिती नाही. तरी मी ते म्हणणार होते. आधी मी खरं बोलून तुमचं लायसन घेतलं, आता खोटं बोलून परत करायचं, म्हणजे हिशेब मिटेल, असं काहीतरी मनाने जुळवलं होतं.

एका श्वासाचं अंतर होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "नाही साहेब. रोज नाही. लाइट जाते तेव्हा बंद पडतं. आणि खरं सांगतो, काही रात्री लाइट असून मी काढून ठेवलं. गरम होतं म्हणून. लोक बघतात म्हणून."

डॉक्टरांनी पेन टक्कन बंद केलं. तोच आवाज. मागच्या वेळी तो माझ्यामुळे आला होता.

"अजून तीन महिने," ते म्हणाले. "रोज. मग या. प्रवासी गाडीचं मिळेलच असं आज सांगत नाही. पण खरं बोललात, म्हणून या म्हणतो."

तुम्ही म्हणालात, "येतो."

घरी आल्यावर मी विचार केला, तुम्ही गप्प राहिला असतात तर काय झालं असतं? त्यांनी सही केली असती. दिवाळीनंतर तुम्ही शेठच्या मिनीबसवर बसला असतात, मागे वऱ्हाड, आणि ज्या रात्री लाइट गेली त्याच्या दुसऱ्या दुपारी तुम्ही घाटात असतात. माझ्या एका "हो"वर सगळी माणसं बसली असती. ज्या टेम्पोपुढे मी बसणार होते, तोच मी हाताने सुरू करून देत होते. मला तुम्ही वाचवलंत, की वऱ्हाडाला, की स्वतःला, हे मला सांगता येत नाही. तुम्हालाही बहुधा सांगता येणार नाही. तुम्ही बोललात, बस.

मी चांगली आहे असं समजून तुम्ही मला चल म्हणाला असाल तर ते परत घ्यायची मुभा तुम्हाला आहे.

शेठना मी सांगितलं, लग्नसराईपर्यंत होणार नाही. ते म्हणाले, "नव्या ड्रायव्हरला गाडीचा आवाजच कळत नाही, बाई." आणि मिनीबसची काढलेली जुनी बॅटरी देऊ केली. त्यांच्या दुकानात इन्व्हर्टर बसवणारा कोणी येतो, तो म्हणाला, मशीन त्यावर रात्रभर चालेल, लाइट असो वा नसो. काल हिलालने बॅटरी आणून ओसरीवर ठेवली. मी उचलायला गेले, जागची हलली नाही.

ती असोद्याला पाठवता येईल. पाठवणार नाही.

डिसेंबरात डॉक्टर पुन्हा मलाच विचारणार. या वेळी मी पाठ केलेलं काही म्हणणार नाही. आणि न बघता तर मुळीच काही सांगणार नाही. म्हणून तुम्ही इथे या. मुखवटा लावा, तोंड भिंतीकडे करा, माझ्याशी बोलू नका वाटलं तर. पण मला दिसेल अशा ठिकाणी झोपा.

प्रमिला